गोंडाजी मिस्त्रीचा गाल

सरकारी बांधकामात चार वर्षं काढली, की गोदामात सिमेंट कमी आणि डोक्यात किस्सेच जास्त साठतात! सत्तरच्या दशकात मी वाशीमला ओव्हरसीअर होतो. माझे निम्मे किस्से एकट्या गोंडाजी मिस्त्रीचे. पूर्वी ते सांगताना मी हसायचो.

*

भिंतीत ओल कुठे मुरली, हे गोंडाजी गालानं ओळखायचा! चुन्यानं हात बधिर झालेले. सकाळचं ऊन घटकाभर भिंतीवर पडू द्यायचा, मग बाहेरून गाल लावत लावत जायचा. कोरडी भिंत तापते, ओली जागा गारच राहते. कोणी घाई केली की उत्तर ठरलेलं, "ऊन येऊ द्या, मंग सांगतो."

*

आसेगावच्या एका क्वार्टरवर आमच्या क्लार्कनं चिडवलं, "मिस्त्री, भिंतीचा मुका घेता का?"

"बायकोचा घ्याले तुमी सुट्टी कुठी देता!"

हे वाक्य ऑफिसभर गाजलं. सुट्टी मात्र खरंच मिळत नव्हती, आणि त्याची बायको गयाबाई तेव्हापासूनच खोकत होती.

*

नव्या इंजिनिअर साहेबांनी मासिकातलं चित्र दाखवलं. "परदेशात कॅमेरा निघालाय. भिंतीचा गारवा फोटोत दिसतो!"

गोंडाजीनं चित्र निरखलं. "खोकल्याचा बी फोटो निंगते का, साहेब?"

आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही.

*

एकदा त्याच्या घरी गेलो. गयाबाईची बाज पश्चिमेच्या भिंतीला लागून. गिलाव्याचे पोपडे सुटलेले, हात लावला तर गारठा! म्हटलं, "अहो मिस्त्री, गावभर ओल शोधता, ही कळली नाही?"

"आपल्या घरची भिंत आपल्याले कदी गार लागत नाई, साहेब."

भिंत खरवडून नवा गिलावा करायला त्यानं आठ दिवस मागितले. "इन्स्पेक्शन झालं की घ्या," मी म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते.

*

इन्स्पेक्शनच्याच दिवशी पहाटे गयाबाई गेली. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात सगळी तयारी झाली होती. गोंडाजी तिच्या कपाळाला गाल लावून बसला होता. भावकीतला म्हातारा हळूच म्हणाला, "उठ बापा. पार गार झाली. उचलू दे आता."

गोंडाजीनं मान वर केली नाही.

"ऊन येऊ द्या," तो म्हणाला, "मंग सांगतो."