डावा डोळा मिटून

फळी सरळ आहे की नाही हे बघायला मिस्त्री डावा डोळा मिटायचे आणि उजव्याने तिच्या कडेवरून नजर फिरवायचे. उभा जन्म सुतारकामात असंच चाललं. त्यामुळे डावा डोळा कडेकडेने विझत गेला, तेव्हा कारखान्यात त्याची उणीव कुणाला भासली नाही, खुद्द मिस्त्रींनाही नाही. डाव्या नडगीवर काळेनिळे डाग पडत, त्याचं खापर धाकट्या भावाच्या पसाऱ्यावर फुटे. भाऊ मुकाट्याने फळ्या उचलून ठेवी. डाग पडतच राहिले.

शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि काचबिंदू घेऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली राखायची. रोज थेंब घाला." पुट्टी भरून, घासून, पॉलिश मारून सुधारत नाही अशी वस्तू मिस्त्रींच्या हाती आजवर आली नव्हती. त्यांना हा कामचुकारपणा वाटला. निघताना बाई म्हणाल्या, "सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्या. वेळेवर सापडलं, तर त्यांची नजर वाचेल."

भावाची वाचवायची, एवढंच आता हातात होतं. पण भाऊ हलेना.

"दादा, एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचलं मी. तारखांखालची बारीक अक्षरंसुद्धा."

"मीही वाचतो ती. समोरचं शेवटी जातं, आधी कडा जातात."

"मग माझ्या कडा गेल्या की सांगतो ना."

"तुला कळणार नाही, गाढवा."

"तुम्हाला नाही कळलं. मी जरा लक्ष देऊन बघतो."

"भावजी, लक्ष द्यायचं खानदानात असतं," आतून वहिनी म्हणाल्या, "तर हे दाराच्या चौकटीला धडकून चौकटीलाच बोलले नसते."

भाऊ हसला आणि कामाला लागला. काही आठवडे हेच. मिस्त्री समजावून थकले, ओरडून थकले, अबोला धरला, तर भावाला बरंच वाटलं.

मग एका सकाळी त्यांनी लाकूड कापायच्या मशीनचं पातं काढून कुलपात टाकलं.

"दादा, आज कपाट द्यायचंय. गिऱ्हाईक बोंबलेल."

"बोंबलू दे. तपासून ये, मग पातं."

मिस्त्रींनी आयुष्यात कुणाचं काम अडवलं नव्हतं. भाऊ पाय आपटत गेला. दुपारी परतला तो उन्हाने डोळे बारीक करत, हातात थेंबांची बाटली. डोळ्यांतला दाब वाढलेला होता. डोळ्यामागची शीर किंचित दुखावलेली, नजर मात्र दोन्हीकडे शाबूत.

"मला काडीचा त्रास नाही," तो धुमसत म्हणाला, "आणि आता जन्मभर हे थेंब. वर बाई म्हणतात, घातल्याने काही फरकही जाणवणार नाही."

"जाणवायलाच नको," मिस्त्री म्हणाले आणि किल्ली शोधू लागले.