अण्णांच्या मागच्या दारी बजावलेली नोटीस

सुनंदा तिसऱ्यांदा अण्णांच्या घरून नोटीस तशीच हातात घेऊन परत आली, तेव्हा मी सभेची टिपणी लिहीत होतो.

"काय म्हणाले?"

"कोण म्हणणार, साहेब? फाटकाला कुलूप. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, अण्णा कोल्हापूरला गेलेत."

"कालही कोल्हापूरलाच होते."

"आजही तिथंच आहेत. आत टीव्हीवर क्रिकेट लागलंय. वहिनींना क्रिकेट आवडत असेल."

मी पनवेलजवळच्या एका लहान नगरपालिकेत सभा शाखेचा मुख्य लिपिक होतो. जिन्याखालची एक खोली, चार टेबलं, भिंतीला ओल. नगरसेवकांची सभा भरते, तिचे कागद आम्ही सांभाळायचो. सभा काय करणार याची यादी म्हणजे अजेंडा. तो प्रत्येक नगरसेवकाच्या हातात मुदतीत पडलाच पाहिजे. एकाला जरी मिळाला नाही, तरी तो अलिबागला कलेक्टर कचेरीत जाऊन म्हणू शकतो, मला बोलावलंच नाही. मग सगळी सभा अडकते. लोकांना वाटतं, नगरपालिका म्हणजे रस्ते आणि नळ. पण रस्ता आधी कागदावर होतो, आणि तो कागद टिकला तरच जमिनीवर उतरतो. आमच्या शाखेचा एकही ठराव नोटिशीपायी पडला नव्हता. शेजारच्या नगरपालिकांचे लिपिक आमचे नमुने मागून न्यायचे. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

या सभेत विषय होता मासळी बाजाराचा. जुना बाजार पाडून झाला होता आणि कोळणी गटाराच्या कडेला टोपल्या मांडून बसत होत्या. त्यांना त्याच जागेवर पक्के ओटे बांधून द्यायचे, असा ठराव होता. अण्णाही नगरसेवक. त्यांना तिथं दुकानांचे गाळे हवे होते. (त्यांचं खरं नाव लिहीत नाही. ते आता नाहीत, नातवंडं गावात आहेत.) निवडणुकीची आचारसंहिता कधीही लागणार होती. ही सभा गेली की ओटे गेले. अण्णांना सभेत हरायचं नव्हतं, म्हणून सभाच बुडवायची होती.

मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"सगळ्यांना बजावणी झाली?"

"एक राहिलेत, सर."

"तुम्ही बघून घ्या. तुमच्या शाखेचं नाव आहे."

बघून घ्या म्हणजे काय, हे मला कळत होतं. माणूस भेटत नसेल तर नोटीस दारावर डकवायची आणि दोन पंचांसमोर तसा पंचनामा करायचा, अशी सोय असते. पण अण्णांच्या गल्लीतलं कोणी पंच व्हायला तयार नव्हतं. सगळ्यांना त्याच गल्लीत राहायचं होतं. अशा वेळी बऱ्याच जागी टेबलावरचा पंचनामा होतो. म्हणजे दाराशी कोणी जात नाही. ऑफिसातच कागद लिहायचा आणि खालच्या ओळखीच्या माणसांच्या सह्या घ्यायच्या.

"सुनंदा, पंचनामा लिही. चहावाला आणि झेरॉक्सवाला पंच. सह्या मी घेतो."

तिने पेन उचललं नाही. "त्यांनी अण्णांचं दार बघितलंय का, साहेब?"

"दार कोण विचारतंय?"

"उद्या विचारलं तर?"

सुनंदा कनिष्ठ लिपिक. शिपाई रजेवर होता म्हणून बजावणीचं काम तिच्याकडे आलेलं. माझा पारा चढला. मी म्हणालो, "हे काम जमत नसेल तर तसं लिहून दे. मी मेमो काढतो." खोलीतले बाकीचे दोघं लिपिक माना खाली घालून बसले. ती म्हणाली, "मेमो काढा. मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या," आणि छत्री घेऊन बाहेर पडली.

पुढचं मला नंतर कळलं. ती सरळ गटाराच्या कडेला, हिराबाईकडे गेली. हिराबाई सगळ्या कोळणींत मोठी. तिला सुनंदाने अडचण सांगितली.

हिराबाई हसायला लागली. "कोल्लापूर? अगो, काल सकाली जिताडा मीच दिला त्याला. उद्या अजून येक सांगितलाय."

आमच्या भागात जिताड्याला काय मान आहे, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. खाडीतला हा मासा मोठ्या माणसाकडे भेट म्हणून जातो, जावयासाठी राखून ठेवतात. जिताडा पारखण्यात अण्णांचा हातखंडा होता. घरात कोणाच्याही निवडीवर त्यांचा विश्वास नव्हता. बायकोच्याही नाही. कल्ले स्वतः उघडून बघितल्याशिवाय ते मासा घेत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई टोपली घेऊन अण्णांच्या मागच्या दारी उभी राहिली. सुनंदा तिच्या मागे.

"अन्ना, बघताव का मी जाऊ? गिराईक थांबलंय."

अण्णा बनियनवर बाहेर आले, उकिडवे बसले आणि कल्ल्यात बोट घातलं. सुनंदा पुढे झाली. "नमस्कार अण्णा. कोल्हापूरचा प्रवास बरा झाला ना? एक सही हवी होती."

अण्णांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग हिराबाईकडे. हिराबाई म्हणाली, "सई करा. मग मासा कापते."

त्यांनी सही केली. जिताडा सोडवेना, असं सुनंदा म्हणते.

सभा झाली, ठराव झाला. अण्णा आले नाहीत. ते अलिबागला गेले. "मी गावात नसताना नोटीस दिल्याचं दाखवलं, सही माझी नाही," अशी तक्रार त्यांनी केली. सुनावणीला मी, सुनंदा आणि हिराबाई गेलो.

अधिकारी तरुण होते. त्यांनी सुनंदाला पहिलाच प्रश्न विचारला, "यांच्या दाराचा रंग कोणता?"

चहावाल्याने काय सांगितलं असतं?

सुनंदा म्हणाली, "पुढच्या की मागच्या, साहेब? पुढचं मला कोणी उघडलं नाही. मागचं हिरव्या पत्र्याचं, खालून गंजलेलं. तिथं दिली. अण्णा जिताडा बघत होते. कल्ले बघून म्हणाले, शिळा आहे."

"शिळा कुठं म्हणालो?" अण्णा म्हणाले. "लहान आहे म्हणालो."

अण्णांचे वकील चष्मा पुसायला लागले. हिराबाई म्हणाली, "माजा मासा शिला नसतो, सायेब. तेवढं लिवून घ्या."

तक्रार फेटाळली गेली. ओटे बांधून झाले. वर पत्रा, खाली पाण्याचा निचरा, प्रत्येकीला नळ. उद्घाटनाला शाल आणि नारळ मला मिळाला, शाखाप्रमुख म्हणून. मी तो घेतला. सुनंदा मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. पुढे माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी हा किस्सा रंगवून सांगितला. त्यात मागच्या दारी उभा मी होतो. सुनंदाची तोवर बदली झाली होती. लोक खूप हसले. ते हसणं मला अजून आठवतं, आणि बरं वाटत नाही.

म्हणून हे लिहिलं. आमच्या शाखेचं नाव सुनंदाने राखलं. मी ते त्याच आठवड्यात घालवायला निघालो होतो.

लिहिण्याआधी मागच्या रविवारी बाजारात गेलो. हिराबाईच्या ओट्यावर आता तिची सून बसते. तिला म्हटलं, "हा ओटा मी मिळवून दिला असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. सुनंदाबाईंनी दिला."

ती सुरमई कापत होती. हात थांबला नाही. "ठावं हाय की. सासू सगलं सांगाची."

"मग इतकी वर्षं काही बोलला नाहीत?"

"काय बोलाचं? बाई येतान तवा आमी त्यांच्याकडनं पैसं घेत नाय." तिने पिशवी माझ्यापुढे केली. "तुमच्याकडनं घेतो."

पैसे दिले आणि घरी आलो. नोटीस कोणी बजावली, हे ऑफिसला कागद बघून कळतं. बाजाराला कागद लागत नाही.