मीटरवाले आर. टी. सर

देवळीत रत्नदीप ताकसांडेला ओळखत नाही असं घर नाही, आणि त्याचं नाव ठाऊक असलेलं घर शोधायचं म्हटलं तर दुपार मोडेल. तो विजेचे मीटर वाचतो. म्हणजे वीज कंपनीचा माणूस, असं लोक समजतात. खरं तर कंपनीच्या ठेकेदाराचा. गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या खिशात कोंबायचं, दारात उभं राहायचं आणि आत हाक द्यायची, "मीटर!" आतून कोणीतरी "घ्या पाहून" म्हणतं, तो मोबाइलवर फोटो काढतो आणि पुढच्या दाराला लागतो. बायका एकमेकींना "मीटर येऊन गेला वो" असं सांगतात. पोरं त्याला मीटरकाका म्हणतात. कुत्रीही त्याला ओळखतात, फक्त त्यांचं मत गावापेक्षा जरा वाईट आहे.

तर या माणसाने ब्लॉग काढला. नाव 'नमस्कार, मी…' आणि विषय, स्वतःची ओळख आत्मविश्वासाने कशी करून द्यावी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्याला ठाऊक नव्हती असं नाही. ती त्याने एका लेखात वापरलीही होती, पण दुसऱ्यांना उद्देशून.

याचं मूळ नागपूरच्या एका मुलाखतीत होतं. टेबलापलीकडच्या साहेबाने "स्वतःविषयी सांगा" म्हटलं. रत्नदीपने नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबला. साहेब म्हणाला, "आणखी?" आणखी काय ते त्याला परतीच्या बसमध्ये, सेलूच्या पुढे सुचलं. सगळं उत्तर सुचलं, अगदी साहेबाच्या तोंडात मारावं असं. पण आता ते ऐकायला शेजारी एक कोबीचं पोतं तेवढं होतं. घरी येऊन त्याने ते लिहून टाकलं आणि तोच ब्लॉगवरचा पहिला लेख झाला. चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे.

घोळ झाला तो 'माझ्याविषयी' या पानाशी. हे पान भरल्याशिवाय वाचकांचा विश्वास बसत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने टाइप केलं, 'रत्नदीप ताकसांडे, मीटर रीडर'. बराच वेळ त्याकडे पाहिलं. मीटरवाल्याकडून आत्मविश्वास शिकायला कोण येणार? त्याने ते पुसलं आणि लिहिलं, 'आर. टी. सर. पंचवीस वर्षांचा अनुभव.' अनुभव कशाचा ते लिहिलं नाही. वय होतं एकतीस, म्हणजे सहाव्या वर्षापासून धरला तर हिशोब जुळत होता. फोटोच्या जागी शाईच्या पेनाचं चित्र टाकलं. वाचकांचा विश्वास बसावा म्हणून लिहायचं पान, त्यावर दोन अक्षरं तेवढी खरी होती.

आणि विश्वास बसला की हो! कारंज्यापासून सिंदीपर्यंतची पोरं "आदरणीय सर" म्हणून प्रश्न विचारू लागली. रत्नदीप दिवसा दारोदार उन्हात फिरायचा आणि संध्याकाळी चहा घेऊन सर व्हायचा. आई, सीताबाई, विचारायची, "काय करून राह्यला रे मोबाइलवर?" तो म्हणायचा, "रीडिंग भरून राह्यलो." तिला पोराच्या कामसूपणाचं कौतुक वाटायचं.

या वाचकांत एक मेघा थूल होती. सिंदी रेल्वे या गावी नर्स. लसीकरणासाठी तिला घरोघरी जावं लागे. तिने लिहिलं, "सर, दारात उभं राहिलं की माझा आवाजच निघत नाही. लोक आधीच चिडलेले असतात." आता दार हा विषय सरांच्या पंचवीस वर्षांत बसत नसला तरी रत्नदीपच्या रोजच्या पोटापाण्याचा होता. त्याने लिहिलं, "आधी पाणी मागा. तहान नसली तरी मागा. हातात पाण्याचा गिलास देणारा माणूस लगेच भांडत नाही. आणि कुत्रं असेल तर पळू नका, घरच्या माणसाला त्याचं नाव विचारा." आठवड्याने मेघाचं उत्तर आलं. उपाय लागू पडला होता. खाली तिने लिहिलं होतं, "सर, तुमच्यावर माझा फार विश्वास आहे." ती ओळ वाचून रत्नदीपला आनंद झाला आणि त्याच क्षणी आर. टी. सरांचा हेवा वाटला.

त्याचा सर्वांत गाजलेला लेख म्हणजे 'परिचय मेळाव्यात काय बोलावं'. आपल्याकडे बौद्ध समाजाचे उपवर-वधू परिचय मेळावे भरतात. स्टेजवर जायचं, माइक धरायचा, नाव-शिक्षण-नोकरी-अपेक्षा सांगायच्या आणि धडधाकट परत यायचं. भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. रत्नदीपने नमुना लिहून दिला: "जयभीम. मी फार बोलत नाही, पण मन लावून ऐकतो. माझ्या आईने मला दोन गोष्टी शिकवल्या. भाकर वाटून खावी आणि शब्द राखून बोलावं." लोकांना ते फार आवडलं. मेघाने मात्र खाली विचारलं, "दोनच? आमच्याकडे आया तीन सांगतात. तिसरी कोणती, सर?"

तिसरी होती. पण ती त्याने मुद्दाम गाळली होती. आता सरांनी गंभीर उत्तर द्यावं की नाही? पण सरांच्या आत एकतीस वर्षांचा रत्नदीप होता. त्याने लिहिलं, "तिसरी भेटल्यावर सांगेन." मग स्वतःच दचकला. मेघाने लिहिलं, "मग वर्ध्याच्या मेळाव्याला या. मीही नाव दिलं आहे. तुमचा आशीर्वाद घेईन."

आशीर्वाद! पोराचा घास तोंडातच राहिला. त्याच मेळाव्यात सीताबाईने त्याचंही नाव दिलेलं होतं. त्याला मेघाला भेटायचं होतं, आशीर्वाद द्यायला नव्हे. पण मी रत्नदीप म्हणून पुढे गेलो तर सर गेले, आणि सर गेले की तिचा विश्वासही गेला. सर राहिले तर मी कायमचा गेलो. या पेचावर त्याने ब्लॉगमध्ये उपाय शोधला. सापडला नाही, कारण ब्लॉग त्यानेच लिहिला होता.

मेळावा रविवारी, वर्ध्याच्या एका मंगल कार्यालयात. त्रिसरण-पंचशील झालं. सूत्रसंचालनाला वासुदेवराव, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी माइकवर बोट आपटून सांगितलं, "लवकर आटपा, खरं बोला आन् पगार फुगवू नका." मुलामुलींच्या छातीवर नाव आणि नंबरांचे बिल्ले. रत्नदीप मुलांच्या रांगेत मागे. मुलींच्या रांगेत मेघा कोणती, हे त्याने बिल्ल्यावरच्या नावावरून हेरलं. निळी साडी, आणि हातात पाण्याची बाटली. तो आणखीच गळाठला.

पहिला मुलगा उठला, कारंज्याचा, ढाब्याचा मालक. माइक हातात घेऊन म्हणाला, "जयभीम. मी फार बोलत नाही, पण मन लावून ऐकतो. माझ्या आईने मला दोन गोष्टी शिकवल्या…" टाळ्या पडल्या. रत्नदीपची छाती फुगली. दुसरा उठला, पुलगावचा. त्याच्याही आईने दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, आणि त्याच. तिसऱ्याच्या वेळी हॉलमध्ये कुजबुज झाली. चौथ्याने "भाकर" म्हणताच मागच्या बाकांवरच्या पोरांनी "वाटून खावी!" अशी एका सुरात साथ दिली. चौथ्याची आई तिथेच बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, "म्या कवा शिकवलं याले? हा तर भावालेबी पुडीतला चिवडा देत नाई."

वासुदेवराव वैतागले. "यापुढे ज्याच्या आईनं दोन गोष्टी शिकवल्या असतील त्यानं जागेवर बसून राहावं," त्यांनी जाहीर केलं. हॉल खदखदला.

आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूने सीताबाई उठली. तिला ब्लॉग म्हणजे काय हे माहीत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की घरातली वस्तू चोरीला गेली आहे आणि चोर ओळीने स्टेजवर येऊन ती दाखवत आहेत.

"ओ गुरुजी!" ती तिथूनच ओरडली. "हे माह्या सासूचं बोलनं हाय. म्या माह्या पोराले शिकवलं. ह्या पोट्ट्याइले कोनं सांगितलं? आन् दोन नाई, तीन गोष्टी हायेत! भाकर वाटून खाजो, शब्द राखून बोलजो, आन् नाव सांगितल्याबिगर कोनाच्या दारात उभा राहू नोको!"

वासुदेवराव हात जोडून म्हणाले, "घ्या! आता आयाही पाठ करून यायला लागल्या." हॉल पुन्हा हसला. एक मात्र हसली नाही. निळ्या साडीतली मेघा मान वळवून सीताबाईकडे पाहत होती.

"बाई, तुमचा मुलगा कोणता?" वासुदेवरावांनी विचारलं.

"थो काय, भिताडाले चिकटून उभा हाय."

अशा रीतीने, आत्मविश्वासाने ओळख करून देण्याचे एकेचाळीस लेख लिहिणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या आईने करून दिली. त्याला स्टेजवर ढकलण्यात आलं. माइक हातात आला. समोर माणसंच माणसं, पाठ केलेलं सगळं दुसऱ्यांनी बोलून संपवलेलं. जीभ टाळूला चिकटली. आणि मग, नऊ वर्षांच्या सवयीने, ती आपोआप सुटली.

"मीटर!" रत्नदीप म्हणाला.

काय हसले लोक! देवळीच्या एका बाईने ओळखलं, "अवं, हा तर आमचा मीटर!" हसू ओसरल्यावर तो चाचरत म्हणाला, "मी रत्नदीप ताकसांडे. मीटर वाचतो. ते… ते भाकरीचं सगळ्यांनी म्हटलं ना, ते मी लिहिलं आहे. आर. टी. सर मीच."

आता तरी लोकांनी माना डोलवाव्यात? कारंज्याचा ढाबेवाला उभा राहिला. "खोटं बोलून राह्यला हा! सर पन्नाशीचे हायेत, नागपूरले राह्यतेत. माह्यासोबत फोनवर बोलतेत." त्याला कोणी कधी फोन केला होता देव जाणे. वासुदेवराव म्हणाले, "आधीच्यांनी निदान नुसतं उचललं. यानं तर मालकीच सांगितली." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या, फक्त इथे चोर चार होते आणि बोंब मारायला सगळं सभागृह होतं. रत्नदीप खाली उतरला. त्याला रडू येत होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी होती. सीताबाई ताट घेऊन बसली होती. तिच्यासमोर मेघा येऊन उभी राहिली.

"मावशी, मी मेघा थूल. सिंदीले नर्स हावो," तिने आधी नाव सांगितलं. सीताबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरकून जागा दिली. मग मेघा रत्नदीपकडे वळली. तिचा आवाज आता मुळीच अडकत नव्हता. तो गुण सरांचाच.

"तिसरी गोष्ट सर भेटल्यावर सांगनार होते. मावशीनं सांगितली. म्हनजे तुमीच."

"हो."

"मंग ती काऊन गाळली?"

रत्नदीप ताटातलं वांगं चिवडू लागला. ज्याच्या ब्लॉगवर नाव नाही आणि जो रोज शंभर दारांत नाव न सांगता उभा राहतो, त्याने ती कोणत्या तोंडाने लिहायची होती?

"माहा सरायवर विश्वास होता," मेघा म्हणाली. "तुमच्यावर नाई. तुमची तं आत्ता ओळख झाली." असं म्हणून ती बुंदी घ्यायला निघून गेली. रत्नदीपला वाटलं, ताटासकट जमिनीत जावं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने 'माझ्याविषयी'चं पान उघडलं. पेनाचं चित्र काढलं, आपला फोटो टाकला, ओळखपत्रावरचाच. लिहिलं, 'रत्नदीप ताकसांडे, देवळी. मीटर वाचतो. पंचवीस वर्षांचा अनुभव नाही. दारांचा आहे.' खाली आईची तिसरी गोष्ट लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःची ओळख धड करून दिली होती, आणि वाचकांनी ती ताबडतोब नाकारली. "सरांचा ब्लॉग कोणी हॅक केला?" "हा मीटरवाला कोण? लाज वाटत नाही का?" "आदरणीय सर, लवकर बरे व्हा." खोट्या माणसावर बसलेला विश्वास खऱ्या माणसाला पाहून पार उडाला.

त्या गदारोळात मेघाने काहीच लिहिलं नाही. रत्नदीप रोज पाहायचा. गावात तोवर स्मार्ट मीटरची चर्चा सुरू झाली होती. आता मीटर आपली ओळख आपणच करून देणार म्हणे, मीटरपेक्षा मागे राहिलो फक्त आपण, असं त्याला वाटायचं. तरी त्याने एक केलं. दारात हाक मारताना नाव जोडू लागला. "रत्नदीप ताकसांडे, मीटर!" लोक पहिल्यांदा दचकले. एका आजोबांनी तर "कोनाचं लगन हाय?" असं विचारलं.

मग एक दिवस शिव्यांच्या त्या रांगेत एक ओळ आली. "नाव वाचलं. रविवारी घरी आहोत. आईंना घेऊन या. मेघा थूल, सिंदी रेल्वे."

रविवारी सीताबाई नवं लुगडं नेसली. सिंदीच्या स्टेशनापासून घरापर्यंत रत्नदीप तेच वाक्य घोकत होता. दार उघडंच होतं. पायरीवर एक कुत्रं झोपलेलं. तो दारात उभा राहिला, तोंड उघडलं, आणि नऊ वर्षांची जीभ पुन्हा दगा देऊन गेली.

"मीटर!"

"मागच्या अंगाले हाय, घ्या पाहून!" आतून कोणा म्हाताऱ्याचा आवाज आला.

सीताबाईने मागून त्याच्या पाठीत कोपर मारलं. रत्नदीपने घसा खाकरला.

"मी रत्नदीप," तो म्हणाला. "रत्नदीप ताकसांडे. ही माझी आई."

 आत पावलं वाजली आणि मेघा बाहेर आली, हातात पाण्याचे दोन गिलास घेऊन. त्याने मागितलं नव्हतं.