जगविख्यात बँडवाला

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की माझं डोकं अजून तापतं. पाथर्डीत मी फ्लेक्सचं दुकान टाकलं, त्याच्या आदल्या वर्षी माझ्या वरातीतून एक बँडवाला दुसऱ्या लग्नाची घाई म्हणून अर्ध्यातच निघून गेला होता. उरलेली वरात मी घोड्यावर मुकाट्याने काढली. तोच माझ्याकडे बोर्ड करून घ्यायला आला. मी सूड म्हणून त्याच्या फोटोवर लालभडक अक्षरांत ‘जगविख्यात’ लिहिलं. सारा तालुका हसेल, असा बेत होता. “म्हंजी काय वो?” त्याने विचारलं. “ज्याला सगळं जग ओळखतं तो,” मी गंभीरपणे म्हणालो. “मला तर शेजारच्या गावात बी कुनी वळखत न्हाई,” तो म्हणाला, “पर ऱ्हाऊ द्या, बरं दिसतंय.” कोणीही हसलं नाही. उलट ज्याच्या त्याच्या तोंडी, “आमच्याकडं लग्नाला जगविख्यात हाय.” धाकट्या भावाच्या लग्नात वडीलही अडून बसले, “त्योच पायजे.” विनवणी करायला मलाच जावं लागलं. “तारीख न्हाई, दादा,” तो शांतपणे म्हणाला, “लई लांबून बोलावनी येत्यात.” आता मी ठरवलंय, त्याच्या पुढच्या बोर्डावर नुसतं नाव लिहायचं. पण जगविख्यात माणूस हल्ली बोर्ड नगरला करून घेतो.