गडग्याच्या अलीकडे

आबा गेले ते आमच्या पडवीत. त्यांचं स्वतःचं घर हाकेच्या अंतरावर होतं, मध्ये फक्त कमरेएवढा दगडी गडगा... त्यांचा एकुलता एक मुलगा विश्वनाथ मुंबईहून आला, त्याने डोळे पुसले आणि मला पहिला प्रश्न विचारला, "काका, शेवटी शेवटी ते आमच्या घरात राहायला गेले नव्हते ना?" बाप गेल्यावर असं विचारणारा माणूस तोंडवलीत मी पाहिला नव्हता. पुन्हा दिसू नये.

आबांनी कौलांच्या व्यापारात पैसा केला, त्यातून माडीचं घर बांधलं, हापूसची कलमं लावली. मृत्युकराचा कायदा आला आणि त्यांची झोप उडाली. "मी मेल्यार सरकार वाटो मागतला? कलमांका पाणी सरकारान घातलां काय?" मुंबईच्या कुणा सल्लागाराने विश्वनाथला तोड सुचवली. सगळं मुलाला बक्षीस द्यायचं, त्यानंतर बापाने निदान दोन वर्षं जगायचं आणि दिलेल्या मालमत्तेचा उपभोग मरेपर्यंत अजिबात घ्यायचा नाही. नाहीतर ते बक्षीस सरकार मानत नाही. आबांनी सरकारला चकवल्याच्या आनंदात सही ठोकली आणि बिऱ्हाड घेऊन आमच्या पडवीत आले. या हुशारीची मला तेव्हाही किळस आली होती, पण सांगतो कुणाला! पुढे तर खाली पडलेला आंबा उचलायचीही त्यांना चोरी झाली. एकदा मीच त्यांच्या कलमाचा पाडाचा आंबा आणून पुढे ठेवला, तर म्हणाले, "नको रे. झिलाचो आसा तो." मुलाचा म्हणे!

ती दोन वर्षं विश्वनाथचं पितृप्रेम बघण्यासारखं होतं. आठवड्याला पत्र, टॉनिकच्या बाटल्या, थंडीत लोकरी बंडी. साधा खोकला झाला तरी तार. आबा ते सगळं गावभर मिरवायचे. मुदत संपली... आणि पोस्टमन आमची वाट विसरला. पावसाळाभर आबा खांबाला टेकून त्याची वाट बघत. "कामात असतलो," म्हणायचे. कसलं काम! बाप आता केव्हाही मेला तरी चालणार होतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सल्लागाराला ठाऊक नव्हती. आंबे उतरवण्याआधी बागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने साकडं, घालावं लागतं, त्याशिवाय गडी झाडावर चढत नाहीत. विश्वनाथला ते शब्द येत नव्हते. मग दर हंगामाला आबा गडग्याच्या आमच्या बाजूला काठी टेकून उभे राहायचे आणि मुलाचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचे. आपणच लावलेल्या बागेत पाऊल न टाकता! त्यांच्या हावरेपणावरचा माझा सगळा राग तेव्हा विरघळून जायचा.

यंदा आंबे तयार झाले तेव्हा आबांना जाऊन महिना झाला होता. विश्वनाथ नारळ घेऊन आला. "काका, आता तुम्हीच घाला." मी गडग्याशी गेलो. आबा गेल्यावर त्यांची काठी मी तिथेच टेकवून ठेवली होती. तिच्यावर हात ठेवला आणि आवाज चढवला.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या बागेचो कर वाचलो. पण जेणा ही कलमा लायली, तेका दोन वर्सा जगवल्यानी आणि मगे इसारले. तो मेलो तो गडग्याच्या अलीकडे मेलो. खरा काय खोटा, तूच बघ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गडी एका आवाजात म्हणाले.

गाऱ्हाण्याला हजर असलेल्या प्रत्येकाने होकार द्यायचा असतो, नाहीतर ते देवाला पोचत नाही. गडी विश्वनाथकडे बघत थांबले. झाडाला कुणी हात लावेना. शेवटी तो मान खाली घालून पुटपुटला, "व्हय म्हाराजा."