लताबाईंचा अर्क

लताबाई देगलूरकर दारूच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढल्या तेव्हा त्यांची सत्तरी जवळ आली होती. आयुष्यभर त्यांनी नांदेडातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळं शहरात कुठंही गेलं तरी एखादा जुना विद्यार्थी समोर येतोच. म्हणून पदर नाकापर्यंत ओढून त्या जाळीपुढं उभ्या राहिल्या आणि औषधासाठी पाहिजे म्हणाल्या.

"बाई, इथं सगळे औषधासाठीच येतात," जाळीआडचा माणूस म्हणाला. 'बाई' म्हणाला, म्हणजे तोही वर्गातलाच निघाला. त्यानं पुढं काही विचारलं न्हाई. सगळ्यात कडक, वास नसलेली बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ती पिशवीत तळाला ठेवून बाईंनी वर कोथिंबीर घातली आणि घरी गेल्या.

हे मला त्यांनीच सांगितलं. आमची ओळख सरकारी दवाखान्याच्या दारातली. मी सुगत. दहावी नापास, कायदा शिकलो तो रद्दीतल्या पुस्तकांवर. दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सच्या टपरीपुढं माझी एक खुर्ची असते, आणि ज्याचं आत कुणी ऐकत न्हाई तो तिथं येतो. लोक म्हणतात सुगत तोंडाचा फटकळ आहे. खरं आहे. गोड बोलून इथं कुणाचं काम झालेलं मी अजून पाहिलेलं न्हाई.

बाईंचे यजमान रेणुकादास पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्म देगलूरचा, नोकरी नांदेडची, स्वभाव गप्प. त्यांचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरला होता. डॉक्टरनं सरळ सांगितलं की बरं होणं आता न्हाई, दुखणं तेवढं कमी करू, आणि मॉर्फिनची गोळी लिहून दिली. गोळी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीवर मिळेना. पुढच्या आठवड्यात या, परवाना यायचाय, माल यायचाय, नाहीतर हैदराबादला जा. बसवलं तर ओरडणाऱ्या माणसाला हैदराबादला कसं न्यायचं, हे खिडकी सांगत न्हाई. मी त्या खिडकीवर किती वेळा हात आपटला, आतल्या माणसाची किती वेळा आई-माई काढली. शेवटी शेवटी तो बिचारा मला बघितलं की आधीच मान हलवायचा. तोही थकला होता, मीही थकलो होतो.

अशाच एका सकाळी, मोबाइलवर भांगेच्या अर्कानं कळा कमी होतात असं बघून, बाई खुर्चीशी आल्या आणि हळूच विचारलं, "सुगत, भांग हा गुन्हा आहे का रे?"

मी त्यांना समजावलं की केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा, नुसत्या पानाला गांजा म्हणत न्हाईत. पण महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतोच, तेव्हा पोलीस आले तर मी कलमं सांगीन आणि ते तुम्हाला ठाण्यात नेतील.  बाई म्हणाल्या, "आमच्याकडं भांग पाडतात, पीत नाहीत. आता एवढंच राहिलं होतं." त्यांना हसू आलं न्हाई, मलाबी न्हाई.

नका करू म्हणून मी सांगितलं. डॉक्टरला विचारा म्हणालो. डॉक्टरनं पंख्याकडं बघून सांगितलं की मी असलं लिहून देऊ शकत नाही. हे काही 'देऊ नका' होत न्हाई, आणि मराठीच्या बाईला तेवढा फरक कळतो.

पानं आणायला दयानंद होता. देगलूर तालुक्यातला, त्यांचाच जुना विद्यार्थी, चाळिशीचा बाप्या. गावाकडचा भाजीपाला टेम्पोत भरून नांदेडच्या मंडईत आणतो. लहानपणी नांदेडला मामाकडं शिकायला होता, तेव्हा मामीनं उपाशी ठेवलं की बाई त्याला स्वतःच्या डब्यातली पोळी द्यायच्या. त्यानं दोनदा टाळलं आणि तिसऱ्यांदा पिशवी आणली. पानं वाळवलेली होती. हिरवी लांबून ओळखू येतात, म्हणाला. चुऱ्यातली चार-दोन पानं अखंड होती, हाताच्या पंजासारखी बोटं फुटलेली. बाईंनी मोबाइलवरच्या चित्राशी एक ताडून बघितलं. तंतोतंत.

मग त्यांनी कामाला हात घातला. लोणच्याची जुनी चिनीमातीची बरणी उकळून घेतली. पानं तव्यावर मंद शेकली, बरणीत भरली, वरून ती बाटली ओतली, फडकं बांधलं आणि बरणी माळ्यावर अंधारात ठेवली. रोज सकाळी स्टुलावर चढून हलवायची. अर्क कसा काढायचा ते दाखवणारे व्हिडिओ इंग्रजीतले, त्यातला पोरगा भरभर बोलणारा. बाई तो थांबवून थांबवून बघायच्या, शाळेत शुद्धलेखन तपासावं तसं. पुढं यजमानांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून अर्क गाळला आणि तपकिरी बाटलीत भरला. हात लावला की आंघोळ. स्वतः त्यांनी एक थेंबही जिभेला लावला न्हाई. दारू होती ना त्यात.

पहिल्या दिवशी दिवे लागल्यावर त्यांनी यजमानांच्या जिभेखाली थेंब सोडले. रेणुकादासांनी तोंड वाकडं केलं, डोळे मिटून तोंडातल्या तोंडात चव घेतली आणि म्हणाले, "पुंटीकूर."

बाईंनी मला फोन केला. आवाजात भीती होती आणि थोडा आनंदही. म्हणाल्या, "सुगत, त्यांना चढली. काहीबाही बरळतायत. पुंटीकूर म्हणे. आणि हसले रे."

त्या हसण्यावर बाईंनी पुढचे महिने काढले. रोज संध्याकाळी उशाशी बसायचं, एका हातानं त्यांची हनुवटी धरायची, ड्रॉपर उजेडात धरून ओठ हलवत थेंब मोजायचे. ते मधेच पुंटीकूर म्हणायचे, देगलूरच्या घराबद्दल बोलायचे, शेजारच्या तेलंगी बायकांबद्दल, आईच्या चुलीबद्दल. एरवी दिवसातून चार शब्द न बोलणारा माणूस. मोबाइलवर सांगितलंच होतं की नशेत जुन्या आठवणी येतात. बाईंना सगळं पुस्तकाबरहुकूम वाटलं. थेंब घेतले की ते झोपायचे. मी स्वतः पाहिलंय, झोपायचे.

पावसाळ्यात पानांना वास यायला लागला म्हणून बाईंनी ती एका उघडिपीला गच्चीवर कागदावर पसरली. समोरच्या इमारतीत नवीन राहायला आलेल्या एका गृहस्थानं फोटो काढून ठाण्यात दिला. जमादार आला तो चपला बाहेर काढून आत आला, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पानं पिशव्यांत भरून घेतली, बाटली घेतली, सगळं तपासायला जाईल म्हणाला. मी पोचेपर्यंत पिशव्यांना लाखेचं सील लागलं होतं. मी कलमांवर कलमं ऐकवली.

"भाऊ, तुम्ही कलमं सांगा, तोवर मी बाईंचा चहा घेतो," जमादार म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "तक्रार आली हाय. पान तसंच दिसायलंय. मी काय करू, सांगा."

आतल्या खोलीतून रेणुकादासांचा आवाज आला. आज थेंब न्हाईत का, म्हणून विचारत होते.

त्यानंतर थेंब नव्हतेच. दयानंदचा फोन बंद. खिडकीवरचा माणूस मान हलवतच होता. रेणुकादास रोज संध्याकाळी विचारायचे आणि बाई रोज स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या. पोळ्याच्या आधी ते गेले. शेवटचे दिवस कसे गेले ते लिहीत न्हाई. ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायची गरज न्हाई.

दिवाळीनंतर जमादाराचा फोन आला. तुमच्या बाईंच्या बाटलीत दारू सोडली तर काहीच निघालं नाही, म्हणाला. पानातबी न्हाई. सांगून टाका, विषय मिटला. मला वाटलं जिंकलो. बऱ्याच दिवसांनी काहीतरी जिंकलो. गाडीला किक मारून सरळ बाईंकडं गेलो.

बाई दाराशी बसून वाल सोलत होत्या. सुटलात म्हणून मी सांगितलं, तरी त्यांचा हात थांबला न्हाई. थोड्या वेळानं थांबला.

"काहीच निघालं नाही म्हणजे?"

"म्हणजे भांग न्हाई, गांजा न्हाई. मोकळ्या झालात."

"मग मी त्यांना काय देत होते?"

तपासणारे चुकतात, म्हणालो मी. माझ्या तोंडून सरकारची चूक कुणालाही खरी वाटते. त्यांना वाटली न्हाई. त्या उठल्या, माळ्यावरचा डबा काढला, तळाशी राहिलेला चुरा माझ्यापुढं धरला. मी चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. जीभ आंबली. मराठवाड्यात वाढलेल्याला ही चव कळायला प्रयोगशाळा लागत न्हाई.  बाईंना न सांगता थोडा चुरा कागदात बांधून घेतला आणि थेट मंडई गाठली.

दयानंद टेम्पोतून गवारीची पोती उतरवत होता. मी ती पुडी त्याच्या छातीवर मारली. चार शिव्या दिल्या, त्या इथं छापता येणार न्हाईत. हमाल जमा झाले. दयानंद पोत्यावर बसला.

"अंबाडी हाय भाऊ. आईच्या वाफ्यातली," तो म्हणाला. "बाईनं आण म्हणलं तर न्हाई म्हणायची हिंमत झाली न्हाई. आन् खरी आणायची बी झाली न्हाई. मला दोन पोरी हायत. टेम्पोत सापडलो असतो तर कोण पोसणार होतं? पान सारखंच दिसतंय. म्हणलं, अंबाडीनं कुणी मरत न्हाई."

मी म्हणालो की त्या माणसाला रात्रंदिवस कळा येत होत्या, आणि तू त्याला भाजी खाऊ घातलीस.

"सायबाला ठाव होतं," दयानंद म्हणाला. "तेलुगू लोक अंबाडीला पुंटीकूर म्हणतेत. आमच्याकडं देगलुरात समद्यांना ठाव हाय. एकदा बाई आत चहा करून राहिल्या होत्या, तवा सायबानं मला जवळ बोलवलं. म्हणले, दयानंदा, तुमच्या वाफ्यातली पुंटीकूर लई झ्याक हाय. बाईला सांगू नको."

"का?"

"मी बी तेच इचारलं. म्हणले, थेंब मोजती तेवढा येळ ती रडत न्हाई."

हमाल पांगले. माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. पुढची पोती मीच त्याला उतरू लागलो.

त्याच आठवड्यात लातूरला आमची, म्हणजे दवाखान्यांच्या दारात माझ्यासारखं भांडणाऱ्यांची, सभा होती. मागणी एकच. दुखण्याची गोळी प्रत्येक जिल्ह्यात मिळाली पाहिजे. बाईंनी बोलायचं आधीच कबूल केलं होतं. गोळी मिळेना म्हणून एका निवृत्त शिक्षिकेला घरात भांगेचा अर्क काढावा लागला आणि त्यानंच नवऱ्याला उतार पडला, असं त्यांचं भाषण माझ्या डोक्यात तयार होतं. टाळ्या कुठं पडतील तेही ठरलं होतं.

एसटीत अहमदपूर मागं पडलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. दयानंदचं, पुंटीकूरचं, थेंब मोजण्याचं. बाई खिडकीबाहेर सोयाबीनची मोकळी रानं बघत होत्या. त्यांनी एकच सांगितलं. लग्न झाल्यापासून त्यांनी घरात अंबाडी कधी शिजवली न्हाई. आंबटानं त्यांना पित्त होतं. यजमानांनी एकदा, लग्न नवीन असताना, मागितली होती, मी नको म्हणाले, मग कधी मागितली नाही, म्हणाल्या.  भाषण राहू द्या म्हणून मी सांगितलं, तर त्या पुन्हा रानं बघायला लागल्या.

सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पुढं नेहमीचे आमचेच लोक, मागं सावलीला येऊन बसलेले दोघं-तिघं. बाई उठल्या, माइक उंच होता तो स्वतः खाली केला आणि वर्गात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. माझ्या डोक्यातल्या भाषणातलं त्यांनी एक वाक्यही घेतलं न्हाई.

"माझे यजमान कळांनी तळमळत होते," त्या म्हणाल्या. "गोळी मिळत नव्हती. मी भांग समजून त्यांना अंबाडीचा अर्क दिला. ते मला कळलं नाही. त्यांना कळलं होतं."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मागच्या ओळीतला एक म्हातारा हात वर करून उठला. सभेत मधे बोलू नये हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

"बाई, मग गुण आला का?"

मी उठायला लागलो, बाईंनी हातानं मला बसवलं.

"ते झोपायचे," त्या म्हणाल्या. "दुखायचं थांबून झोपायचे, का मला बरं वाटावं म्हणून डोळे मिटून पडायचे, ते मला माहीत नाही. आता कळायचंही नाही. गोळी मिळाली असती तर मला हा प्रश्न पडला नसता, आणि त्यांना सोंग करावं लागलं नसतं."

म्हातारा खाली बसला. टाळ्या पडल्या न्हाईत. बाईंनी माइक पुन्हा होता तेवढा वर केला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. पुढचा वक्ता यायचा होता. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण निघेना, माझ्याकडं दिली.