तेजूच्या डोक्यातली तार

माझी तेजू तारेने मेली नाय.

आज वर्ष झालं. कावीळ झाली, लिव्हर गेलं, पोर गेली. हॉस्पिटलने तेच सांगितलं.
तरी पेणच्या बाजारात बाया माझ्या मागून बोलतात, डोक्यात तार घातलेली ना, गंजली असेल.
समोर येऊन बोला.

जन्मापासून ऐकू येत नव्हतं तिला. रोह्याच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत बारीक तार बसवू, बाहेरून मशीन. मी लगेच हो बोलले.

माझे सासरे, आप्पा, नाय बोलले. सगळा जन्म मिठागरात गेला त्यांचा.

"खारं पाणी पंपाची मोटर खातं, वायर खातं. माणसाचा घाम खारट, रगत खारट. त्यात करंट सोडणार? सडल गो ती तार."

डॉक्टर म्हणाले, आजोबा, प्लॅटिनम आहे, अंगात गंजत नाही. दर तपासणीला कॉम्प्युटर लावून बघतो आम्ही.

तार बसली. घरी आलो नि आप्पांनी तेजूच्या पानातलं मीठ बंद केलं.

मिठागरवाल्याच्या घरात पोर अळणी जेवली. मी चोरून मीठ वाढलं तर हात धरायचे. "तार हाय तिच्या डोक्यात. कळतंय का?"
तेजू हसायची.
"आप्पा, हळू बोला. ऐकू येतंय मला."

राख सावडून आले तेव्हा आप्पांच्या मुठीत काय तरी होतं.
बटनाएवढी धातूची चकती, तेजूच्या कानातली. तिला केसासारखी तार.
धोतराला पुसली, उजेडात धरली.
बरणीत मिठाचं पाणी केलं, त्यात ती टाकली. सोबत एक खिळा. बरणी खिडकीत.
वर्षभर रोज सकाळी उठून बघतात.

बाहेरचं मशीन माझ्याकडे हाय. मी अजून चार्ज करते.
लाईट लुकलुकते.
मशीनला डोकं सापडलं नाय की ती तशी लुकलुकते. तेजूनेच शिकवलेलं मला.
घरात कोण जोरात बोललं तर अजून माझ्या तोंडातून निघतं, हळू.

आज आप्पांनी बरणी उघडली. खिळ्याचा लाल गाळ झालाय.
तार तशीच.

"नाय गंजली गो," एवढंच बोलले.

मग मी तिच्या नावाचं पान वाढायला घेतलं. आप्पांनी मला थांबवलं. पहिलं मीठ त्यांनी वाढलं, स्वतःच्या हाताने.
चिमूट नाय. मूठभर.

तेजू, जेव गो पोरी.